नळीचा पीळ आणि गोळीचे वजन

रायफलीच्या नळीत आतल्या अंगाला मळसूत्रासारखे चर कोरलेले असतात. बार उडाला की गोळी या चरांत घट्ट रुतते, त्यांच्या वळणाने फिरत पुढे सरकते आणि नळीच्या तोंडातून स्वतःभोवती गरगरत बाहेर पडते. एक पूर्ण फेरा होईपर्यंत ती नळीत जेवढे अंतर कापते, तो त्या नळीचा पीळ. रोजच्या बोलण्यात याला ट्विस्ट म्हणतात. दहा इंचांत एक फेरा होत असेल तर नळीवर १:१० किंवा १-१० असा ठसा असतो. हा आकडा उलटा वाचायचा असतो: आकडा लहान तितका पीळ घट्ट, मोठा तितका सैल. सातचा पीळ घट्ट, चौदाचा सैल.

कोणत्या पिळाला किती वजनाची गोळी चालेल, असा प्रश्न शिकारी विचारतात. खरा हिशेब मात्र गोळीच्या लांबीचा आहे. एकाच व्यासाची गोळी जड करायची तर ती लांबच करावी लागते, म्हणून वजन हे लांबीचे ढोबळ माप झाले. डब्यावर वजन छापलेले असते, लांबी सहसा नसते, आणि बरेचसे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

टोकदार गोळीचा गुरुत्वमध्य मागे असतो आणि हवेचा रेटा त्याच्या पुढे लागतो. त्यामुळे न फिरणारी गोळी थोडी जरी कलली तरी हवा तिला उलटवू पाहते. फिरणाऱ्या भोवऱ्याला गुरुत्वाकर्षण जसे पाडू शकत नाही, तशी फिरणाऱ्या गोळीला हवा उलटवू शकत नाही. गोळी जितकी लांब, तितका हवेला उलटवण्यासाठी तरफदांडा मोठा मिळतो आणि तितकी गिरकी जोरात लागते. गोल छऱ्याला पुढची-मागची बाजूच नसते, त्यामुळे उलटण्याचा प्रश्न येत नाही. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असणाऱ्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असली तरी म्हणूनच चालते.

ही गिरकी किती, याचा अंदाज सहसा येत नाही. सेकंदाला ३,००० फूट वेगाने सुटलेली गोळी दहाच्या पिळातून सेकंदाला ३,६०० फेरे घेते, म्हणजे मिनिटाला २,१६,०००.

गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. ७,००० ग्रेनचा एक पौंड, आणि १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. मराठी वाचकाला याहून जवळचे माप सराफाच्या दुकानात सापडेल: ब्रिटिश अमदानीत ठरवलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा आहे. .३०-०६ या अमेरिकी काडतुसात हरणासाठी वा एल्क या मोठ्या हरणासाठी सर्रास भरली जाणारी १८० ग्रेनची गोळी म्हणजे नेमकी तोळाभर.

लांबी आणि पीळ यांची सांगड घालणारे पहिले सुटसुटीत सूत्र इंग्लंडमधील वुलिच येथील गणिताचे प्राध्यापक आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिले. गोळीच्या व्यासाचा वर्ग करायचा, त्याला १५० ने गुणायचे आणि गोळीच्या लांबीने भागायचे. सारी मापे इंचांत घेतली की उत्तर पिळाच्या इंचांत येते. वेग सेकंदाला २,८०० फुटांच्या वर असेल तर १५० च्या जागी १८० घेण्याचा प्रघात आहे. तोफखान्याच्या काळातले हे सूत्र शिशाच्या गोळ्यांपुरते आजही फारसे चुकत नाही. २००५ मध्ये डॉन मिलर यांनी मांडलेल्या सूत्रात गोळीचे वजन, वेग, तापमान आणि हवेचा दाबही येतो. त्यातून मिळणाऱ्या आकड्याला स्थैर्यांक म्हणता येईल. तो १ च्या खाली गेला की गोळी कोलमडते, १.५ किंवा त्याहून जास्त असला की शिकाऱ्याने निश्चिंत असावे. मधला पट्टा भरवशाचा नाही.

या हिशेबातल्या चुकीची किंमत किती पडू शकते, हे अमेरिकेत १९५५ मध्ये दिसले. त्या वर्षी दोन कंपन्यांनी जवळजवळ एकाच वेळी ६ मिलिमीटर जातीची काडतुसे बाजारात आणली: .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन. नावांत एका आकड्याचा फरक असला तरी दोन्हींत बसणारी गोळी एकाच व्यासाची, ०.२४३ इंचांची. रेमिंग्टनच्या काडतुसाच्या पोटात दारू थोडी जास्तच मावत होती. पण त्या कंपनीने नव्या काडतुसाकडे वुडचकसारख्या लहान, शेताची नासधूस करणाऱ्या प्राण्यांवर दुरून नेम धरायचे हत्यार म्हणून पाहिले. म्हणून तिने ७५ आणि ९० ग्रेनच्या गोळ्या दिल्या आणि नळीला बाराचा सैल पीळ ठेवला. विंचेस्टरने दहाचा पीळ दिला आणि ८० ग्रेनसोबत १०० ग्रेनची गोळीही काढली.

अमेरिकी शेतकऱ्याला दोन रायफली नको होत्या. उन्हाळ्यात वुडचक आणि पानगळीत हरीण, दोन्ही एकाच रायफलीने मारता आले तर त्याला हवे होते, आणि हरणासाठी १०० ग्रेनची गोळी हवी असे त्याचे ठाम मत होते. बाराच्या पिळातून १०० ग्रेनची टोकदार गोळी नीट जात नाही ही गोष्ट तोंडोतोंडी पसरली आणि .२४४ ची विक्री बसली. अखेर १९६३ मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस ६ मिमी रेमिंग्टन या नव्या नावाने, नऊच्या पिळासह आणि १०० ग्रेनच्या गोळीसह पुन्हा आणले. तोवर बाजार विंचेस्टरच्या हाती गेला होता, आणि तो पुढेही तिथेच राहिला.

या कथेत रेमिंग्टनवर थोडा अन्यायही झाला. समजा, १०० ग्रेनची गोळी बरोबर १ इंच लांब आहे. १८० चा गुणक घेतला तर ग्रीनहिलच्या सूत्राने तिला साडेदहा इंचांच्या आसपासचा पीळ लागतो, म्हणजे विंचेस्टरचा दहा पुरून उरतो. सेकंदाला ३,००० फूट वेग धरून मिलरच्या सूत्राने पाहिले तर स्थैर्यांक दहाच्या पिळाला १.७ येतो आणि बाराच्या पिळाला १.२. म्हणजे बाराच्या नळीतून ती गोळी लगेच कोलमडत नाही. तिचे टोक बोथट करून लांबी कमी केली तर ती बरी चालते, जुन्या .२४४ रायफलींतून १०० ग्रेनच्या बोथट गोळ्या व्यवस्थित झाडणारे लोक होते. पण १.२ म्हणजे हाताशी राखीव काही नाही. उणे ३० अंश सेल्सियसच्या थंडीत हवा इतकी दाट होते की तो १.२ जवळजवळ १ वर येतो.

थंडीचा हा डाव अमेरिकी सैन्यानेही अनुभवला. एआर-१५ रायफलीला सुरुवातीला चौदाचा पीळ होता आणि ५५ ग्रेनची गोळी. उणे ६५ अंश फॅरनहाइटच्या चाचण्यांत गोळ्या डगमगू लागल्या, तेव्हा १९६३ मध्ये पीळ बारावर आणला गेला.

स्वीडन आणि नॉर्वे यांनी उलटे टोक पकडले. १८९४ च्या ६.५ × ५५ काडतुसासाठी २०० मिलिमीटरचा, म्हणजे आठ इंचांहूनही किंचित घट्ट पीळ घेतला गेला, कारण गोळी लांबोडकी, बोथट तोंडाची आणि १५६ ग्रेनची होती. पुढे सैन्याने हलकी टोकदार गोळी घेतली तरी त्याच नळ्या बिनतक्रार चालल्या, आणि मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीत १५६ ग्रेनची गोळी आजही वापरात आहे. .३०-०६ चा दहाचा पीळसुद्धा असाच वारसा आहे. आधीच्या काडतुसात २२० ग्रेनची बोथट गोळी होती. १९०६ मध्ये १५० ग्रेनची टोकदार गोळी आली, पीळ मात्र तोच राहिला. घट्ट पिळाला हलकी गोळी सहसा चालून जाते. सैल पिळाला लांब गोळी चालत नाही. निवड करायचीच असेल तर घट्टाकडे झुकलेले बरे.

त्यालाही मर्यादा आहे. लहान प्राण्यांसाठीच्या काही गोळ्यांचे तांब्याचे कवच मुद्दाम पातळ ठेवतात. आठच्या पिळातून सेकंदाला ३,६०० फूट वेगाने अशी गोळी सोडली तर ती मिनिटाला ३,२४,००० फेऱ्यांनी फिरते. मग कवच हवेतच फाटते, वाटेत राखाडी धुराची रेघ दिसते आणि निशाणाचा कागद कोराच राहतो.

पीळ कमी पडल्याची खूण मात्र कागदावर स्पष्ट उमटते. नीट गेलेली गोळी कागदाला गोल भोक पाडते. डगमगत गेलेल्या गोळीचे भोक लांबट होते, आणि पुरती आडवी झालेली गोळी कागदावर आपली अख्खी बाजू छापून जाते: टोक, पोट, बूड. याला कीहोलिंग म्हणतात. असे एक भोक दिसले तरी त्या डब्यातली काडतुसे त्या रायफलीसाठी बाद समजावीत. जनावरावर ती वापरणे म्हणजे त्याला जखमी करून रानात सोडणे.

अलीकडे हा जुना प्रश्न तांब्याने पुन्हा वर काढला आहे. मेलेल्या जनावराच्या मांसातून शिसे पोटात जाऊन काँडर गिधाडांना विषबाधा होते, म्हणून कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. निखळ तांबे शिशापेक्षा हलके असते: घनता शिशाची ११.३, तांब्याची ९ च्या जवळपास. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी त्यामुळे लांब होते, आणि कालपर्यंत १०० ग्रेन गोळी खाणारी नळी आज त्याच वजनाला कुरकुरते. अशा वेळी .२४३ चे शिकारी ८० किंवा ८५ ग्रेनवर उतरतात. काही कंपन्या आता किमान किती घट्ट पीळ हवा हे डब्यावरच छापतात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार संपली, त्यामुळे इथे हा विषय नेमबाजीपुरता उरतो. ५० मीटर रायफल प्रकारात, ज्यात कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, .२२ ची ४० ग्रेनची शिशाची गोळी असते आणि नळीला बहुधा सोळाचा पीळ. तिथे वजन ठरलेलेच आहे, म्हणून जोडी जमवायची कटकट नाही.

जुन्या रायफलीवर ठसा नसेल किंवा नळी कधीतरी बदललेली असेल, तर पीळ घरी मोजता येतो. आधी रायफल रिकामी आहे ना हे पाहून बोल्ट काढून ठेवायचा. मुठीत मोकळा फिरणारा साफसफाईचा गज घ्यायचा, टोकाला घट्ट चिंधी लावून तो नळीत थोडा सरकवायचा. गजाच्या वरच्या अंगाला एक खूण आणि गजावरच, नळीच्या तोंडाशी, दुसरी. मग गज हळूहळू आत ढकलत वरची खूण फिरून पुन्हा वर येईपर्यंत थांबायचे आणि तोंडाशी तिसरी खूण करायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेतले अंतर म्हणजे पीळ. चिंधी सैल असेल तर ती घसरते आणि पीळ आहे त्याहून सैल भासतो, म्हणून माप तीनदा घ्यावे.