१४ दिवस फुकट की १४ दिवसांचे ४० डॉलर? क्वार्ट्झसाईटच्या वाळवंटातला घोळ

शिकागोकडची आमची एक जुनी मित्रजोडी रिटायर झाली आणि लगेच सेकंडहँड आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन हिवाळ्यात ॲरिझोनाकडे निघाली. जानेवारीत मला तिथल्या वाळवंटातल्या क्वार्ट्झसाईट गावाहून फोन, "अरे आम्ही ४० डॉलर भरले, आता आमचा प्लॉट नंबर कुठे बघायचा आणि लाईटचा खांब कुठाय?" मी फिनिक्सजवळ राहतो, दोन तासांवर, त्यामुळे असले फोन दर हिवाळ्यात येतात. सांगितलं की बाबा प्लॉट नाही, खांब नाही, नळही गाडीपाशी नाही, दगडगोटे बघून जिथे सपाट वाटेल तिथे लाव गाडी. तो भडकलाच. म्हणे मग पैसे कशाचे घेतले, याच रस्त्यावर थोडं पुढे लोक फुकट राहतायत, तीच जमीन, तेच दगड!

जमीन खरंच तीच आहे. मालकही एकच, केंद्र सरकारचं ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे सगळे म्हणतात ते बीएलएम. गावातून ९५ नंबरच्या हायवेने दक्षिणेला निघालात की आधी ला पोसा लागतं, तिथे पैसे, आणि त्याच रस्त्याने काही मैल पुढे रोडरनर लागतं, तिथे फुकट, मधे ना कुंपण ना झाडं बदलत. म्हणून लोकांचा गोंधळ होतो. आणि त्यात भर म्हणजे दोन्हीकडे "१४ दिवस" हा आकडा आहे आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा.

आधी फुकटवालं. बीएलएमच्या बऱ्याचशा मोकळ्या जमिनीवर कुणीही जाऊन राहू शकतो, त्याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात, आरव्हीवाले बूनडॉकिंग म्हणतात. क्वार्ट्झसाईटच्या आसपास प्लोमोसा रोड, डोम रॉक रोड, स्कॅडन वॉश, रोडरनर, हाय जॉली या ठरलेल्या जागा आहेत. काही ठिकाणी तोंडाशीच कॅम्प होस्ट आपली आरव्ही लावून बसलेले असतात, बहुतेक रिटायर झालेले व्हॉलंटियर, त्यांच्याकडे नाव नोंदवायचं. पैसे शून्य. पण २८ दिवसांच्या मुदतीत १४ दिवसच राहायचं, आणि ते संपले की निदान २५ मैल लांब जायचं. शेजारच्या झुडपाआड गाडी सरकवून "मी हललो की" असं म्हणता येत नाही. कॅलिफोर्नियातलं ब्लाईथ जवळचं म्हणून लोक तिकडे बघतात पण ते वीसेक मैलांवरच आहे, नियमात बसत नाही, पार्कर बसतं, युमा तर ८० मैलांवर आहे.

(हाय जॉलीवरून सांगायचं राहिलं. हा माणूस खरा होता, नाव हाजी अली, १८५० च्या दशकात अमेरिकन सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट आणून बघितले तेव्हा उंटांबरोबर आलेला. आपल्या पुण्याचं जसं पूना झालं तसं यांनी हाजी अलीचं हाय जॉली केलं. १९०२ साली तो इथेच वारला, गावच्या दफनभूमीत दगडी पिरॅमिडसारखी समाधी आहे आणि टोकावर धातूचा उंट. मुंबईहून आलेले पाहुणे नाव ऐकून हमखास विचारतात, दर्गा आहे का म्हणून!)

आता पैसेवालं. त्याचं नाव लाँग टर्म व्हिजिटर एरिया, बोलताना एलटीव्हीए. हे १९८३ पासून आहे. झालं असं की थंडीत मिनेसोटा, मिशिगन, कॅनडा वगैरेकडून हजारो म्हातारी मंडळी इकडे उतरायची, त्यांना इथे स्नोबर्ड म्हणतात, आणि ती चार-चार महिने वाटेल तिथे गाड्या घालून बसायची. या वाळवंटाची जमीन दिसते दगडासारखी पण वरचा थर फार नाजूक असतो, एकदा चाक फिरलं की त्याचा माग कित्येक दशकं दिसत राहतो. मग सरकारने ठरवलं की यांना हाकलण्यापेक्षा काही ठराविक तुकडे देऊन टाकू, तिथे बसा खुशाल पूर्ण हिवाळा, बाकीचं वाळवंट सोडा. म्हणजे २५ मैलांचा नियम आणि एलटीव्हीए एकाच हिशोबातून आलेत, एकीकडे तुम्हाला हलवत ठेवून जमिनीला श्वास घेऊ द्यायचा आणि दुसरीकडे मान्य करायचं की हा तुकडा वापरलाच जाणार.

सीझन १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. अशा जागा सात, ॲरिझोनात ला पोसा, बाकीच्या कॅलिफोर्नियात. एकटं ला पोसा ११,४०० एकर आहे म्हणजे सुमारे ४६ चौरस किलोमीटर, बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या साधारण निम्मं. त्यामुळे "जागा मिळेल का" ही चिंता सोडा, बुकिंग नसतंच. अख्ख्या सीझनचं परमिट बरीच वर्षं १८० डॉलर होतं आणि छोटं परमिट सलग १४ दिवसांचं ४० डॉलर. माझा हिशोब त्याच दरांवर आहे, निघायच्या आधी बीएलएमकडे चालू दर एकदा बघूनच घ्या.

तर दोन १४ मधला फरक हा. फुकटवाले १४ म्हणजे हद्द, संपले की उठायचं आणि लांब जायचं. ४० डॉलरवाले १४ म्हणजे तिकिटाची मुदत, संपली की नवीन तिकीट काढा आणि खुर्चीवरून न उठता तिथेच राहा. चार वेळा काढलं तर १६०, पाचव्यांदा काढायची वेळ आली की २००, म्हणजे दोन महिन्यांच्या वर राहायचा विचार असेल तर पहिल्या दिवशीच सीझनचं घेतलेलं बरं. आणि सीझनचं परमिट एका जागेला चिकटलेलं नसतं, सातपैकी कुठल्याही एलटीव्हीएत चालतं, जानेवारी ला पोसात आणि फेब्रुवारी युमाजवळच्या इंपिरियल डॅमला असं करता येतं. (तिथे घड्याळ सांभाळा. इंपिरियल डॅमचा एलटीव्हीए कोलोरॅडो नदीच्या कॅलिफोर्नियाकडच्या बाजूला आहे आणि बाजारहाटाचं युमा ॲरिझोनात, हिवाळ्यात दोघांमध्ये तासाचा फरक. आम्ही एकदा दुकान उघडायच्या तासभर आधी जाऊन पार्किंगमध्ये चहा पीत बसलो होतो, आता भाजी आणायला जाताना सुद्धा आधी हे घर कुठल्या वेळेत आणि बाजार कुठल्या वेळेत ते बघतो.)

पण खरं सांगू का, पैशाचा हिशोब हा दुय्यम आहे. पाण्याचा बघा.

आमच्या मित्राच्या गाडीत चांगल्या पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर. आंघोळ, भांडी, स्वयंपाक, संडास, सगळं त्यात. अमेरिकन जोडपी ते दहा-बारा दिवस पुरवतात कारण कागदी थाळ्या आणि ओली टिश्यू. आपलं तसं नाही ना. कुकर, कढई, पोळपाट, हळदीचे हात, वरून संडासात तांब्या किंवा जेट स्प्रे लागतोच, त्याने ब्लॅक टँक म्हणजे मैल्याची टाकी कुणाच्याही अंदाजापेक्षा लवकर भरते, आणि सिंकचं पाणी जातं ती ग्रे टँक त्याच्याही आधी. पहिल्या खेपेला आमचं सहाव्या दिवशी सगळं तुडुंब! टाकी भरली की बाहेर वाळूत सोडून द्यायचं मनात आणू नका, अगदी भांड्याचं पाणी सुद्धा नाही, ला पोसात जमिनीवर काहीही सोडायला सक्त बंदी आहे आणि फुकटच्या जागेत "कोण बघतंय" म्हणून सोडणाऱ्यांमुळेच पुढे सगळ्यांवर नियम कडक होतात.

आता लक्षात येईल ४० किंवा १८० डॉलर कशाचे. ला पोसा आणि इंपिरियल डॅम या दोन ठिकाणी परमिटवाल्यांना टाकी रिकामी करायला डंप स्टेशन, प्यायचं पाणी आणि कचऱ्याचे मोठे डबे मिळतात. इंपिरियल डॅमला साऊथ मेसा भागात बाहेर शॉवरही आहेत. फुकटच्या जागेत यातलं काही नाही, तिथून गावात जाऊन दर खेपेला पैसे मोजून टाकी रिकामी करायची, पाणी भरायचं, आणि जानेवारीत आरव्ही शो असतो तेव्हा त्यासाठी लाईन लावायची. अडीच हजाराच्या आत कायमची वस्ती असलेल्या गावाभोवती हिवाळ्यात आरव्हीचा समुद्र असतो, लाईन किती होत असेल विचार करा. आपल्या पाणीवापराने आठवड्याला एक फेरी पकडली तर फुकट राहणं फुकट उरत नाही. बाकीच्या एलटीव्हीएत मात्र या सगळ्या सोयी मिळतीलच असं नाही, त्यामुळे नाव सारखं म्हणून सगळीकडे नळ असेल असं धरून जाऊ नका. इथेही लोक फसतात.

गाडी कुठली आहे यावरही बरंच ठरतं. बीएलएमच्या भाषेत सेल्फ कंटेन्ड म्हणजे गाडीतच पक्की बसवलेली, कमीत कमी १० गॅलनची सांडपाण्याची टाकी. डब्यासारखा पोर्टेबल संडास त्यात धरत नाहीत. मिनीव्हॅनमध्ये गादी टाकून आलात किंवा तंबू आणलात तर ला पोसात तुम्ही राहू शकता, पण संडासापासून ५०० फुटांच्या आत. फुकटात राहायचं या हौसेने पोरं तंबू घेऊन येतात आणि त्यांना खरं तर पैसेवाल्या जागेचीच गरज असते.

वीज दोन्हीकडे नाही. यात फरकच नाही, सोलर नाहीतर जनरेटर, ला पोसात रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची.

मग फुकटवालं घ्यावं कुणी? ज्याला मुळात एका जागी बसायचंच नाही त्याने. आठवडा इथे, आठवडा तिथे, पुढे टूसॉनकडे सग्वारो म्हणजे ते उंच निवडुंग बघायला असा फिरता कार्यक्रम असेल तर १४ दिवसांची हद्द तुम्हाला जाणवणार सुद्धा नाही. आणि एकांत हवा असेल तरी तेच, प्लोमोसा रोडवर आत गेलं की रात्री कोल्हेकुई सोडून आवाज नाही. एलटीव्हीएत उलट शेजार असतो, पत्त्यांचे डाव, गिटारवाले, दुपारी कुत्री फिरवणाऱ्यांचे घोळके, अगदी आपल्या गच्चीवरच्या कट्ट्यासारखं, कुणाला ते हवंसं वाटतं, कुणाला डोक्याला ताप.

एक सावधगिरी, दक्षिणेला अजून गेलात की कोफा नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज लागतं, दिसायला तसंच वाळवंट पण ते बीएलएमचं नाही आणि तिथे १२ महिन्यांत मिळून १४ दिवसच राहता येतं. म्हणजे तिसरा १४! ॲरिझोना राज्याच्या मालकीची स्टेट ट्रस्ट जमीन आणखी वेगळी, तिचं परमिट वेगळं. फोनच्या नकाशावर जमीन कुणाची ते दाखवणारा लेयर असतो, तो लावून ठेवा.

मित्राचं काय झालं, तर त्याने कुरकुरत चौदा दिवस ला पोसात काढले आणि नंतर बायकोला म्हणाला आता फुकटात जाऊ. प्लोमोसा रोडला गेले. आठव्या दिवशी ब्लॅक टँकचा लाल दिवा लागला तेव्हा तो पुन्हा ला पोसाच्या डंप स्टेशनच्या दारात, तिथल्या माणसाने काचेवरचा परमिटचा स्टिकर बघितला, मुदत संपलेली. आमच्या वहिनीने पर्समधून शांतपणे १८० डॉलर काढले आणि याला म्हणाल्या, तू आधी टाकी मोकळी कर, भांडण नंतर.