परदेशातून सिगार आणताय? आधी ‘किंवा’ हा शब्द नीट वाचा

माणशी 25 सिगार किंवा 100 सिगारेट किंवा 125 ग्रॅम तंबाखू. भारतात परतणाऱ्या प्रवाशाला सामानातून तंबाखू आणण्याची मर्यादा एवढीच आहे, आणि कस्टमच्या टेबलापाशी अडकलेली निम्मी माणसं या एका वाक्यातल्या ‘किंवा’वर अडकतात. लोक तो ‘आणि’ असा वाचतात. सिगारचा डबा, वर एक सिगारेटचा कार्टन, शिवाय पाइपच्या तंबाखूची पुडी, आणि चेहऱ्यावर भाव असा की आपण अगदी नियमात आहोत. तिन्हींपैकी एकच काहीतरी आणायचं आहे. दहा सिगार आणि पन्नास सिगारेट चालतील का, असंही विचारतात. असं प्रमाण काढायचं कोष्टक नियमात दिलेलं नाही, त्यामुळे ते टेबलामागच्या अधिकाऱ्यावर सोडावं लागतं. रात्री तीनच्या विमानाने उतरून हा वाद घालण्यापेक्षा एकच प्रकार आणलेला बरा. त्यातही कार्टन घेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, त्यात 200 सिगारेट असतात. म्हणजे तो एकटाच मर्यादेच्या दुप्पट झाला.

पंचविसाचा आकडा सिगारवाल्यांना सोयीचा वाटतो, कारण क्यूबन सिगारचे बरेच डबे पंचवीसचेच येतात. पण डबा घेतला की दुकानदार दोन-तीन सुटे सिगार ‘चव बघा’ म्हणून हातात ठेवतो, तेही मोजले जातात. बारीक सिगारिलोचंही तसंच. शुल्काच्या कोष्टकात सिगार, चिरूट आणि सिगारिलो एकाच शीर्षकाखाली येतात. म्हणून करंगळीएवढा असला तरी तो एक धरूनच हिशोब करा, ‘हे छोटे आहेत हो’ यावर भिस्त ठेवू नका.

दुसरी गफलत किमतीची, आणि ती जास्त महागात पडते. 25 सिगार म्हणजे कितीही महागडे 25 सिगार असा अर्थ नाही. त्यांची किंमत तुमच्या एकूण फ्री अलाउन्समध्ये, म्हणजे शुल्काशिवाय आणता येणाऱ्या सगळ्या मालाच्या किमतीच्या मर्यादेत, धरली जाते. भारतात राहणाऱ्या प्रवाशासाठी हा अलाउन्स 2016 च्या बॅगेज नियमांत 50,000 रुपये होता, फेब्रुवारी 2026 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत तो 75,000 झाला आहे. नेहमीच्या वापरातले कपडे वगैरे त्यात येत नाहीत, पण नवा फोन, परफ्यूम, मेव्हण्यासाठी घेतलेलं घड्याळ हे सगळं त्याच रकमेत बसवायचं असतं. कोहिबा या क्यूबन ब्रँडच्या वरच्या श्रेणीतला 25 चा एक डबा एकटाच ही रक्कम ओलांडून जाऊ शकतो. संख्या नियमात, किंमत नियमाबाहेर, आणि प्रवासी म्हणतो, ‘अहो, मोजून पंचवीसच आहेत!’

म्हणून बिल हवं. आणि नेमका हाच कागद कुणाकडे नसतो. कुणी डबा हलका करण्यासाठी बिल तिथेच फेकून देतं, कुणाला ते मित्राने भेट दिलेले असतात, कुणी हवानात रस्त्यावरच्या ओळखीकडून निम्म्या दरात घेतलेले असतात. बिल नसलं की अधिकारी किंमत आपल्या हिशोबाने ठरवतो, बहुतेक वेळा मोबाइलवर दर बघूनच, आणि त्यात तुम्हाला मिळालेली घासाघीस धरलेली नसते. क्यूबातून निघताना तर हा कागद तिथल्याच कस्टमला लागतो. सुटे 20 सिगारपर्यंत ते विचारत नाहीत. 50 पर्यंत नेता येतात, पण मूळ बंद डब्यात आणि अधिकृत होलोग्राम असलेले. पन्नासच्या वर अधिकृत दुकानाची पावती पाहिजेच. रस्त्यावरच्या डब्यावरचा होलोग्राम खरा असेलच असं नाही, आणि सिगारही.

‘पण मी ड्यूटी-फ्रीमधून घेतलेत,’ हे तर रोजचं वाक्य. दुबई काय किंवा दुसरा कुठला विमानतळ काय, पिशवीवर छापलेलं ड्यूटी-फ्री हे त्या देशाच्या करापुरतं. आपल्या कस्टमने त्या दुकानाला काहीही कबूल केलेलं नाही. सीलबंद पारदर्शक पिशवी विमानात चढण्यासाठी उपयोगी, उतरल्यावर तिचा काही उपयोग नाही.

नवरा-बायको दोघं असतील तर दोघांचे मिळून 50 होतात, पण अलाउन्स एकत्र करता येत नाही. सगळे पन्नास नवऱ्याच्या बॅगेत आणि बिलही एकट्या त्याच्या नावावर असेल, तर त्याचे पंचवीस जास्त झाले. आपापला डबा आपापल्या बॅगेत, आपापल्या बिलासह. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी पंचवीस सिगार शाळकरी नातवाच्या सॅकमध्ये ठेवले होते. असलं काही करू नका, एवढंच सांगतो.

मर्यादेपेक्षा जास्त असतील तर रेड चॅनल, म्हणजे ज्यांना कस्टमला काही जाहीर करायचं आहे त्यांची वाट. आपल्याकडे ही पायरी टाळण्याकडेच कल, आणि सगळी फजिती तिथेच होते. सीमाशुल्क अधिनियम 1962 च्या कलम 77 प्रमाणे सामानात काय आहे ते सांगणं प्रवाशाचं काम आहे. डिक्लेरेशन फॉर्म आता फक्त ज्यांना काही जाहीर करायचं आहे त्यांनीच भरायचा असतो, कस्टमच्या अतिथी अ‍ॅपवरून आधीही भरता येतो. पासपोर्ट, बोर्डिंग पास, बिल हाताशी ठेवा. जादा सिगारना इतर सामानाचा सवलतीचा दर मिळत नाही, ड्यूटी चांगलीच जड बसते. ती भरून पावती घेतलीत की मोकळे. हेच सिगार ग्रीन चॅनलमधून, म्हणजे काही जाहीर करायचं नसलेल्यांच्या वाटेने, जाताना स्कॅनरवर दिसले तर मात्र ते न सांगता आणलेले ठरतात. मग जप्ती, दंड, आणि माल सोडवायचा तर त्याची वेगळी रक्कम. त्या वेळी ‘मला माहीत नव्हतं’ हे सांगून पाहणारे पुष्कळ असतात. पांढऱ्या गणवेशातला माणूस ते त्या रात्रीत विसाव्यांदा ऐकत असतो.

कुरिअरने मागवू नका. वरचा सगळा हिशोब तुमच्यासोबत आलेल्या सामानाचा आहे. मागाहून येणाऱ्या किंवा टपालाने आलेल्या पार्सलला हा फ्री अलाउन्स नाही. आणि 5,000 रुपयांपर्यंतची भेटवस्तू शुल्काशिवाय यायची ती जुनी सवलत डिसेंबर 2019 मध्येच बंद झाली. नातेवाईक अजूनही तिच्या भरवशावर पार्सलं पाठवतात.

वाटेतल्या देशांचेही नियम पाहा. सिंगापूरमध्ये बाहेर पडणार असाल तर तिथे तंबाखूला करमाफीच नाही, एक सिगारसुद्धा जाहीर करावा लागतो. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी क्यूबन सिगार सप्टेंबर 2020 पासून पुन्हा बंद आहेत, ते कुठल्याही तिसऱ्या देशात घेतले असले तरी. मधल्या काही वर्षांत सूट होती, त्यामुळे ‘गेल्या वेळी तर आणले होते’ हे खरं असतं आणि निरुपयोगीही. सिगारसोबत व्हेप म्हणजे ई-सिगारेट असेल तर तो तिथेच कुणाला देऊन या. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात सरळ बंद आहे, ड्यूटी भरूनसुद्धा नाही. आणि निळ्या ज्योतीचा जेट लायटर कोणत्याच बॅगेत चालत नाही.

परदेशात राहता, महिन्याभरासाठी घरी आलात आणि ड्यूटी भरायची इच्छा नाही, अशांसाठी एक वाट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. त्याच सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम 80 प्रमाणे तुमच्या विनंतीवरून कस्टम ते सामान ठेवून घेऊ शकतं आणि भारत सोडताना परत देतं. अट एकच, आधी खरं डिक्लेअर केलेलं पाहिजे. स्कॅनरवर सापडल्यानंतर ही विनंती सुचून उपयोग नाही. मिळालेली डिटेन्शनची पावती पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, बॅगेच्या कप्प्यात नको. परतीच्या दिवशी चेक-इनच्या आधी तासभर जास्तीचा धरा, कारण गोदामाची किल्ली असलेला माणूस नेमका तेव्हाच चहाला गेलेला असतो. तुम्हाला जमलं नाही तर भारताबाहेर जाणाऱ्या दुसऱ्या प्रवाशाला अधिकार देऊन त्याच्या हाती पाठवता येतं, किंवा तुमच्या नावाने कार्गोने. फक्त गोदामात आर्द्रता सांभाळायची सोय नसते. देताना डब्यात ओलावा राखणारं पाकीट टाका, नाहीतर महिन्याने पाचोळाच हाती येईल.