प्रोसेसर घेताना आधी सॉकेट बघा

जानेवारी २०१७ मध्ये इंटेलचा कोअर आय७-७७००के आला आणि मार्चमध्ये एएमडीचा रायझन ७ १७००. पहिल्याची किंमत सुमारे ३४० डॉलर, दुसऱ्याची ३२९. इंटेलमध्ये कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) चारच, पण एकेक दमदार. एएमडीमध्ये आठ, पण एकेकटा धरला तर जरा मंद. गेमच्या चाचण्यांत इंटेल पुढे, व्हिडिओ रेंडर करायला एएमडी. ज्याने गेमसाठी ७७००के घेतला, त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशीचे आकडे त्याच्याच बाजूने होते.

पण नऊच महिन्यांत, ऑक्टोबर २०१७ मध्ये, इंटेलने सहा कोअरचा ८७००के आणला. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा. तिचं नाव तेच, एलजीए ११५१, आणि तरीही २०० मालिकेच्या मदरबोर्डवर तो चालेना. त्याला ३०० मालिकेचा नवा बोर्ड हवा होता. ७७००केवाल्याचा रस्ता तिथेच संपला. रायझनवाल्याचा एएम४ सॉकेट मात्र चालतच राहिला. एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा त्या काळी गेमिंगसाठी सर्वांत वेगवान प्रोसेसरांपैकी एक होता, आणि २०१७ सालच्या कितीतरी स्वस्त बी३५० बोर्डांवर तो निव्वळ बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट करून बसला.

हे काही कंपनीच्या मनाच्या मोठेपणाने झालं नाही. मे २०२० मध्ये एएमडीने सांगून टाकलं होतं की पुढचे झेन ३ पिढीचे प्रोसेसर (५८००एक्स३डी त्यातलाच) फक्त एएमडीच्या ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालतील. कारण दिलं ते गमतीचं वाटेल, पण खरं होतं: अनेक बोर्डांवरची बायोसची चिप अवघी १६ मेगाबाइटची, आणि एवढ्या पिढ्यांच्या प्रोसेसरांचा कोड तिच्यात मावत नव्हता. ग्राहकांनी आरडाओरडा केला तेव्हा दोन आठवड्यांच्या आत ४०० मालिकेला परवानगी मिळाली आणि एएमडीच्या ३०० मालिकेला, म्हणजे बी३५०सारख्या बोर्डांना, २०२२ मध्ये. जागा करण्यासाठी काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांना नारळ द्यावा लागला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या यादीत ७७००के नव्हता आणि रायझन ७ १७०० पण नव्हता. दोघांना सारखाच फटका. फरक इतकाच, की रायझनवाल्याला फक्त प्रोसेसर बदलून भागत होतं, तर इंटेलवाल्याला प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही घ्यावे लागत होते, आणि नवा बोर्ड डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमचा निघाला तर रॅमसुद्धा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि हा हिशेब पुष्कळ घरांत नि ऑफिसांत एकदमच समोर आला.

म्हणून माझं मत असं: प्रोसेसरची किंमत म्हणजे खोक्यावरची किंमत नव्हे. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम यांची बेरीज करा, आणि पुढच्या वेळी त्यातलं काय वाचणार आहे ते बघा. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट २०२१ मध्ये आला, बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत टिकला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एलजीए १८५१ने त्याची जागा घेतली. एएमडीचा एएम५ २०२२ पासून आहे, आणि २०२७ पर्यंत आणि पुढेही तो चालवू असं कंपनीने जाहीर केलं आहे. पाच-सहा वर्षं मशीनला हातच लावणार नसाल तर यातलं काहीही चालेल. मधेच प्रोसेसर बदलायची सवय असेल तर सॉकेटचं उरलेलं आयुष्य हाच सगळ्यात मोठा डिस्काउंट.

आता बदलायचं कधी? एके काळी उत्तर सोपं होतं, कारण दर दोन-तीन वर्षांनी गिगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसरचे दर सेकंदाचे ठोके, वाढत. २००४ मध्ये पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झला पोहोचला आणि गाडी तिथेच अडली. ट्रान्झिस्टर लहान होत गेला की त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरायचं, त्यामुळे उष्णता आटोक्यात राहायची. हा नियम रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडला होता. पण ट्रान्झिस्टर फार बारीक झाल्यावर बंद अवस्थेतही त्यातून वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. वीस वर्षं उलटली तरी आजचे सर्वांत चढे प्रोसेसर सहा गिगाहर्ट्झच्या आसपासच घुटमळताहेत. मग कंपन्यांनी कोअर वाढवले, एका ठोक्यात जास्त काम उरकायची युक्ती केली आणि कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी पण झटपट मेमरी) मोठी केली.

कोअर वाढवण्याला मर्यादा आहे. पोळ्या लाटायला चार जणी बसल्या तरी तवा एकच असेल तर किती फरक पडणार? जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये यामागचं गणित मांडलं. समजा, कामाचा ८० टक्के भाग वाटून करता येतो आणि २० टक्के एकामागून एकच करावा लागतो. मग चार कोअरवर वेग अडीचपट होईल, आठ कोअरवर ३.३ पट, सोळावर चौपट. कोअर कितीही ओता, पाचपटीच्या पुढे जाता येणार नाही. आठावरून सोळावर जाताना पैसे बक्कळ लागतात आणि हाती जेमतेम वीस टक्के येतं.

कॅशचं उदाहरण ५८००एक्स३डीचंच घ्या. साध्या ५८००एक्सपेक्षा त्याचा कमाल वेग कमी आहे, ४.७ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. तरी बऱ्याच गेममध्ये तो सरस ठरला, कारण चिपवर दुसरी चिप रचून त्याची एल३ कॅश ३२ वरून ९६ मेगाबाइट केली होती. रॅममधून माहिती यायला ८० नॅनोसेकंद लागतात असं धरलं, तर तेवढ्यात ४.५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ३६० ठोके नुसता वाट बघत बसू शकतो. माहिती कॅशमध्येच सापडली तर ही खोटी टळते. टॅलीत पावत्या टाकणाऱ्याला मात्र या ९६ मेगाबाइटचं सोयरसुतक नाही.

तेव्हा नव्या मॉडेलच्या लाँचची तारीख बघून ठरवण्यापेक्षा टास्क मॅनेजर उघडा. मशीन रखडतं ते काम चालू ठेवून परफॉर्मन्समध्ये जा, सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करा आणि लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगा. एकूण वापर १२-१३ टक्के दिसतो म्हणून खूश होऊ नका. आठ थ्रेडच्या (एका वेळी आठ कामं हाताळणाऱ्या) प्रोसेसरवर तेवढा आकडा म्हणजे कदाचित एक थ्रेड पुरता दमलाय आणि बाकीचे हात बांधून बसलेत. विंडोज ते काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं, म्हणून एकच चौकोन भरलेला दिसेलच असं नाही. अशा वेळी जादा कोअर निरुपयोगी, दमदार कोअर हवा. डिस्क १०० टक्के असेल तर प्रोसेसरला दोष देऊ नका, हार्डडिस्क काढून एसएसडी टाका. गेममध्ये ग्राफिक्स कार्डच ९८ टक्क्यांवर असेल तर प्रोसेसरवर खर्चलेला रुपया पाण्यात.

वरचं मॉडेल म्हणजे चांगला माल आणि खालचं म्हणजे दुय्यम, असंही नसतं. सहा कोअरच्या रायझन ५ ५६००मध्ये आठ कोअरचीच चिप असते, फक्त दोन कोअर बंद केलेले. कधी ते सदोष निघतात, कधी किंमतीची पायरी सांभाळायला बंद करतात. ५६००एक्स नोव्हेंबर २०२० मध्ये २९९ डॉलरला आला. जवळपास तेवढाच वेगवान ५६०० एप्रिल २०२२ मध्ये १९९ला. दीड वर्ष थांबणाऱ्याचे शंभर डॉलर वाचले. आपल्याकडे हे आकडे रुपयांत बदलताना १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नका, अमेरिकी किंमतीत विक्रीकर नसतो.

पण थांबणं नेहमीच स्वस्त पडतं असं नाही. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की रॅमचे भाव भडकले. अशा वेळी घरात जुन्या डीडीआर४ प्रकारची, एएम४ला चालणारी चांगली रॅम पडून असेल तर एएम४वर शेवटचा एक प्रोसेसर टाकून वेळ मारून नेणं शहाणपणाचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुना माल घेत असाल तर तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे इंटेल मॉडेल जपून घ्या. त्यांतल्या अनेकांना जादा व्होल्टेजमुळे कायमची इजा झाल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला कोड) दुरुस्त केला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधी झालेली इजा अपडेटने भरून येत नाही.

आणि जुन्याच बोर्डवर नवा प्रोसेसर बसवणार असाल तर बोर्डाच्या कंपनीच्या यादीत तो कोणत्या बायोसपासून चालतो ते आधी बघा, आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करून घ्या. नवा बसवल्यावर स्क्रीन काळीच राहिली, तर बहुतेक बोर्डांवर ते अपडेट करायला पुन्हा जुनाच प्रोसेसर लागतो, आणि तोवर तुम्ही तो विकून मोकळे झालेले असता.