पायथन: आधी वाचणाऱ्याचा विचार

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी घाईघाईने एक दुरुस्ती पाठवावी लागली. समोरचा सर्व्हर खरा की तोतया, हे तपासणाऱ्या सी भाषेतल्या कोडमध्ये 'गोटू फेल' (मधलं सोडून थेट शेवटाकडे उडी मार) ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. पहिली ओळ 'इफ'च्या, म्हणजे 'जर'च्या, अटीखाली, दुसरी तिच्या खाली आणि तेवढीच आत सरकवलेली. वाचणाऱ्याला वाटावं, दोन्ही अटीतल्याच. पण सी भाषा मोकळ्या जागेकडे बघत नाही. ती महिरपी कंस शोधते, आणि इथे कंस नव्हतेच. त्यामुळे अट खोटी ठरली तरी दुसरी ओळ चालायचीच. सर्व्हरच्या डिजिटल सहीची तपासणी राहून जायची आणि वर निकाल मिळायचा: सगळं ठीक आहे.

माणूस समास, म्हणजे ओळीपुढे सोडलेली जागा, बघून वाचतो आणि यंत्र कंस बघून. दोघांनी एकच खूण बघितली तर? पायथन या प्रोग्रामिंग भाषेची सगळी घडण या प्रश्नाभोवती फिरते असं मला वाटतं. तिथे आत सरकवलेल्या ओळी म्हणजेच एक गट. त्या दोन ओळी पायथनमध्ये असत्या तर दोन्ही अटीखालीच धरल्या गेल्या असत्या.

इंदूरला सुदामा नगरात माझ्याकडे अकरावी-बारावीची मुलं येतात. सीबीएसईच्या कॉम्प्युटर सायन्सला आता पायथनच आहे. आधी कुठेतरी सी शिकून आलेला मुलगा हमखास विचारतो, "सर, ब्रॅकेट नाही लावायचे का?" मी त्याला 'फ्यूचर' नावाच्या मॉड्यूलमधून (पायथनसोबत येणाऱ्या तयार कोडमधून) 'ब्रेसेस', म्हणजे महिरपी कंस, मागवायला सांगतो. पायथन उत्तर देतो, 'नॉट अ चान्स'. भाषा घडवणाऱ्यांनी ही थट्टा मुद्दाम पेरून ठेवली आहे.

समासाची ही कल्पना मात्र पायथनची स्वतःची नाही. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत लॅम्बर्ट मेर्टेन्स, लिओ खर्ट्स वगैरे मंडळींनी नवशिक्यांसाठी 'एबीसी' ही भाषा रचली होती. पायथनचा जनक खिदो व्हान रॉसम त्या गटात काम करत होता. 'इफ'च्या ओळीशेवटी येणारा अपूर्णविराम तिथूनच आला. यंत्राला त्याची फारशी गरज नाही. 'आता पुढे काहीतरी येतंय' ही सूचना माणसासाठी आहे. एबीसी फार पसरली नाही, कारण ती बंदिस्त होती: बाहेरची सोय जोडता येत नसे. १९८९च्या नाताळच्या सुट्टीत खिदोने नवी भाषा लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये ती जगापुढे ठेवली. वाचनीयता एबीसीची ठेवली, पण दारं मोकळी केली.

पुढे पायथनच्या घडणीतल्या टिम पीटर्स या प्रोग्रामरने या विचाराची १९ छोटी सूत्रं लिहिली. पायथनमध्ये 'इम्पोर्ट धिस' टाइप केलं की ती पडद्यावर येतात. एक सूत्र म्हणतं, एखादं काम करण्याचा एकच उघड मार्ग असावा. हा पर्ल भाषेला टोला होता, कारण 'मार्ग एकाहून अधिक असतात' हे पर्लचं ब्रीद. राजवाड्याहून सराफ्यात शिरायला अनेक गल्ल्या आहेत आणि जुन्या इंदूरकराला त्याचा अभिमानही असतो. पण नवख्या पाहुण्याला एक सरळ रस्ता सांगितलेला बरा.

दुसरं सूत्र मला जास्त मोलाचं वाटतं: संदिग्धता असेल तर अंदाज बांधू नये. मजकूर म्हणून लिहिलेल्या '५' मध्ये ५ ही संख्या मिळवायला सांगा. जावास्क्रिप्ट ही वेबपानांची भाषा निमूटपणे '५५' देते. पायथन थांबतो आणि चूक दाखवतो. चिडचिड होते खरी, पण चुकीचा हिशेब पुढे सरकत नाही.

किंमत मोजावी लागतेच. पायथन सीपेक्षा बराच मंद चालतो. माहिती साठवायची नावं आधी जाहीर करायची नसल्यामुळे, साठवताना स्पेलिंग चुकलं की गुपचूप नवं नाव तयार होतं. आणि मुलं मोबाइलवर एकमेकांना कोड पाठवतात तेव्हा कधी ओळींपुढची जागा गळून पडते. मग अर्थच हरवतो. साधेपणा राखणंही सोपं नाही. अटीच्या आतच नाव देण्याची सोय करणाऱ्या एका चिन्हावरून एवढे वाद झाले की २०१८ मध्ये खिदोने अंतिम निर्णयाचा अधिकार सोडून दिला. चिन्ह मात्र भाषेत आलं.

पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत ठेवता येतात. 'वय' चालतं, 'वर्गणी' चालतं. कोडमध्ये ४२ हा आकडा देवनागरीत लिहिला तर तो नाकारला जातो. मजकूर म्हणून '४२' दिला आणि 'इंट' या आज्ञेने त्याची संख्या मागितली, तर बरोबर ओळखला जातो. लेखनशैलीच्या अधिकृत नियमावलीत एक मजेशीर अट आहे: तुमची भाषा न जाणणारा माणूस हा कोड कधीच वाचणार नाही याची १२० टक्के खात्री असेल, तरच टिपा इंग्रजीऐवजी तुमच्या भाषेत लिहा. गणेशमंडळाच्या हिशेबाच्या प्रोग्रामला मी हाच नियम जरा सैल करून नावांसाठीही लावतो आणि ती मराठीत ठेवू देतो. मुलाचा हिंदीभाषक मित्र 'वर्गणी' म्हणजे काय ते विचारील, पण वाचील नीट.