आयरिश पूर्वजांचा शोध : आधी गाव, मग घराणे

आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी हातात एक आडनाव घेऊन येतात. "खापरपणजोबा आयर्लंडचे, फौजेत होते, आडनाव मर्फी, पुढचं काही ठाऊक नाही." कोणी खडकीचे असतात, कोणी भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलेले. कोणाची मुलगी डब्लिनला नोकरीला असते आणि जावई कॉर्कचा; आता नातवंडांना दोन्हीकडची वंशावळ हवी असते. तुमच्या वतीने आम्ही नेमकी कोणती दप्तरे उघडतो, त्यांतून काय निघते आणि काय निघत नाही, हे काम सोपवण्याआधी तुम्हाला कळावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

आडनावावरून शोध लागत नाही, गावावरून लागतो. मर्फी हे आयर्लंडमधले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव. "जाधव, महाराष्ट्र" एवढ्यावर कोणाचे घर सापडेल का? तसेच ते. आयर्लंडमध्ये गावाचा सर्वांत लहान महसुली तुकडा म्हणजे टाउनलँड. आपल्या एखाद्या वाडीसारखा, स्वतःचे नाव आणि स्वतःची शीव असलेला. असे साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. त्यांच्यावर सिव्हिल पॅरिश, मग बॅरनी, मग काउंटी. काउंटी एकूण 32. तुमच्या माणसाचा टाउनलँड हाती लागला की निम्मे काम झाले असे आम्ही समजतो.

जनगणना का नाही?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. 30 जून 1922 रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेले. 1821 ते 1851 या चार जनगणना तिथे होत्या. त्यांतली थोडीच पाने उरली. 1861 आणि 1871 ची पत्रके त्याआधीच सरकारी हुकमाने नष्ट केली होती आणि 1881 व 1891 ची पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईत रद्दीत गेली. त्यामुळे शाबूत आहेत त्यांतल्या सर्वांत जुन्या जनगणना 1901 आणि 1911 च्या. त्या नॅशनल आर्काइव्हजने ऑनलाइन मोफत ठेवल्या आहेत. तेवढ्यासाठी आम्हाला पैसे देऊ नका, घरी बसून पाहा.

या राखेतूनही कधी कधी काही निघते. जानेवारी 1909 पासून सत्तरी ओलांडलेल्यांना म्हातारपणाचे पेन्शन मिळू लागले. जन्माची सरकारी नोंद 1864 मध्ये सुरू झालेली, म्हणजे या म्हाताऱ्यांकडे वयाचा दाखलाच नाही. त्यांनी डब्लिनला अर्ज केले, की 1841 किंवा 1851 च्या जनगणनेत आई-वडिलांच्या घरी माझे नाव पाहा. कारकुनांनी पाहिले आणि अर्जावरच उतरवून ठेवले. मूळ जनगणना जळाली, ते अर्ज राहिले. असा एक अर्ज हाती लागला तर अख्खे कुटुंब वयासकट समोर येते. म्हणून प्रत्येक कामात आम्ही तो खण न चुकता उघडतो.

जमिनीच्या वह्या

जनगणनेची उणीव ज्यांनी भरून काढली ती ही दप्तरे. सर्वांत मोठे ग्रिफिथचे मूल्यांकन. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली साऱ्या देशातली घरे आणि जमिनी कर आकारण्यासाठी मोजल्या गेल्या. काउंटीवार याद्या 1847 ते 1864 या काळात छापून निघाल्या. याला आम्ही ग्राहकांना "आयर्लंडचा सातबारा" म्हणूनच समजावतो, कारण रचना खरोखर तशी आहे. वहिवाटदार कोण, त्याने जमीन कोणाकडून घेतली, क्षेत्र किती, आकार किती. आपल्या भाषेत एका रकान्यात कूळ आणि दुसऱ्यात जमीनदार. जमीनदाराच्या रकान्यात "इन फी" लिहिले असेल तर तो माणूस स्वतःच मालक.

समजा, एका ओळीत असे दिसले : पॅट्रिक मर्फी, कंसात जेम्स, घर, ऑफिसेस व जमीन, 12 एकर, 2 रूड, 20 पर्च. कंसातला जेम्स हा बहुतेक वेळा बापाचे नाव असते. एकाच टाउनलँडमध्ये दोन पॅट्रिक मर्फी असले की मोजणीदार असा फरक करत. वंशावळ लावणाऱ्याच्या दृष्टीने साऱ्या ओळीत मोलाचा शब्द हाच. "ऑफिसेस" म्हणजे कचेरी नव्हे; गोठा, खोपी, धान्याची कोठी. क्षेत्र तर आपल्याला फारच सोपे पडते : एक रूड म्हणजे दहा गुंठे आणि चार पर्च म्हणजे एक गुंठा. तेव्हा हे शेत झाले 12 एकर 25 गुंठे. ओळीच्या सुरुवातीचा क्रमांक नकाशावरच्या तुकड्याचा असतो, म्हणून आजच्या नकाशावर बोट ठेवून सांगता येते की घर इथे होते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. या यादीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आहे. बायको, मुले, घरात राहणारा भाऊ, कोणीच नाही.

त्याआधीच्या पिढीसाठी टाइद अॅप्लॉटमेंटच्या वह्या, 1823 ते 1838 च्या सुमाराच्या. चर्च ऑफ आयर्लंड या तेव्हाच्या राजमान्य प्रॉटेस्टंट चर्चसाठी शेतजमिनीवर वसूल होणारा हा कर कॅथलिक कुळांनाही भरावा लागे. लोकांना तो जाच होता, पण त्यामुळेच गरीब कॅथलिक शेतकऱ्याचे नाव कागदावर आले. शहरातली माणसे आणि भूमिहीन मजूर यात नाहीत. इथे मोजणी बऱ्याचदा आयरिश एकरात असते. एक आयरिश एकर म्हणजे सुमारे 1.62 साधे एकर. टाइदच्या वहीत 8 एकर आणि ग्रिफिथमध्ये 13 एकर दिसले तर शेत वाढले असे समजू नका, ते तेच असू शकते.

ग्रिफिथनंतर काय झाले ते फेरतपासणीच्या वह्यांत सापडते, म्हणजे आपली फेरफार नोंदच. कूळ बदलले की जुने नाव खोडून वर नवे लिहायचे, वेगळ्या वेळच्या दुरुस्तीला वेगळ्या रंगाची शाई, कडेला साल. पॅट्रिकचे नाव खोडून त्याजागी ब्रिजेट आले, तर पॅट्रिक वारला आणि बायको वहिवाट करू लागली असा अंदाज बांधता येतो. नोंद मात्र दोन-चार वर्षे उशिरानेही होई, म्हणून ते साल मृत्यूचे म्हणून आम्ही लिहीत नाही. मृत्यूच्या नोंदीशी ताडून मगच लिहितो. उत्तर आयर्लंडच्या या वह्या बेलफास्टच्या अभिलेखागाराने ऑनलाइन दिल्या आहेत.

डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवरची 1708 पासूनची दस्त नोंदणीची कचेरी 1922 च्या आगीतून वाचली. पण साध्या कुळाचे नाव तिथे क्वचितच मिळते. घराणे जमीनदारांचे किंवा व्यापाऱ्यांचे होते असा काही पुरावा असेल तरच तिथला खर्च आम्ही सुचवतो.

चर्चच्या नोंदी

जमीन सांगते माणूस कुठे होता. तो कोणाचा कोण, ते चर्च सांगते. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपडीत जसे घराणे एकत्र सापडते, तसे इथे बाप्तिस्म्याच्या वहीत. कॅथलिक वह्यांत मुलाचे नाव, आई-बाप आणि धर्ममातापिता असतात, आणि बहुतेक ठिकाणी आईचे माहेरचे आडनावही. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने 2015 मध्ये साधारण 1880 पर्यंतच्या या वह्यांची छायाचित्रे मोफत खुली केली. अक्षर फिकट, पाने डागाळलेली, आणि बऱ्याच नोंदी लॅटिनमध्ये. याकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. जेरेमाया, डर्बी आणि डर्मट हा एकच माणूस असू शकतो. आडनावापुढचा "ओ" एका पिढीत गळतो आणि नातवाच्या वेळी परत येतो. पश्चिमेकडच्या मेयो, गॉलवेसारख्या भागांत अनेक वह्या उशिरा सुरू होतात. तिथे 1800 च्या मागे नेण्याचे वचन आम्ही कोणालाही देत नाही.

प्रॉटेस्टंट घराण्यांचे दुखणे वेगळे. चर्च ऑफ आयर्लंडच्या जुन्या वह्या सरकारी अभिलेख मानल्या गेल्या, पुष्कळशा डब्लिनला नेल्या, आणि जवळजवळ निम्म्या 1922 मध्ये जळाल्या. उरल्या त्यांतल्या कितीतरी डब्लिनच्या चर्च ग्रंथालयात आहेत.

सुरुवातीच्या काळात आम्ही एक चूक केली होती. जमिनीच्या वहीत सिव्हिल पॅरिश दिसला, त्याच नावाच्या कॅथलिक पॅरिशच्या वह्या आम्ही दोन महिने चाळल्या. काही मिळाले नाही. दोन्ही पॅरिशांची नावे सारखी असली तरी हद्दी वेगळ्या असतात. ते कुटुंब शेजारच्या कॅथलिक पॅरिशमध्ये जात होते. त्या ग्राहकाचे पैसे आम्ही परत केले. तेव्हापासून टाउनलँड कोणत्या कॅथलिक पॅरिशमध्ये पडतो हे नकाशावर नक्की केल्याशिवाय आम्ही वही उघडत नाही. लग्न बहुधा नवरीच्या पॅरिशमध्ये लागे, म्हणून तिचे गावही पाहतो.

इथून तिथे कसे पोहोचायचे

महाराष्ट्रातल्या कुटुंबांचा दुवा बहुधा फौजेचा असतो. कंपनीची बॉम्बे युरोपियन रेजिमेंट पुढे 103वी रॉयल बॉम्बे फ्युजिलियर्स झाली आणि 1881 मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलियर्सची दुसरी बटालियन. मुंबई इलाख्यातल्या चर्चांनी लंडनला धाडलेल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नकला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आणि ब्रिटिश फौजेतून पेन्शनवर सुटलेल्या शिपायाच्या कागदावर तो कोणत्या पॅरिशमध्ये, कोणत्या गावाजवळ जन्मला हे लिहिलेले असते. आमचा शोध बऱ्याचदा त्या एका ओळीपासून सुरू होतो.

काम टप्प्याटप्प्याने चालते. पहिल्या टप्प्यात फक्त मूळ गावाचा माग काढतो. तो लागला नाही तर तिथेच थांबून तसे लेखी कळवतो, पुढचे शुल्क घेत नाही. दर सोबतच्या पानावर आहेत.

नागरिकत्वासाठी येणाऱ्यांना आधीच सांगतो : आजी-आजोबांपैकी कोणी आयर्लंड बेटावर जन्मले असेल तर परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून अर्ज करता येतो, नुसत्या खापरपणजोबांवर नाही. आणि परदेशी नागरिकत्व स्वीकारले की भारतीय नागरिकत्व जाते. घरच्यांशी बोलून मगच या.

येताना घरातले सर्व कागद आणा : लग्नाचे दाखले, फौजेची पदके (कडेवर नाव आणि नंबर कोरलेला असतो), थडग्याच्या दगडाचा फोटो. जुने बायबल किंवा प्रार्थनापुस्तक असेल तर पहिली आणि शेवटची कोरी पाने नीट पाहा; जन्म-मृत्यू तिथेच लिहून ठेवायची पद्धत होती. मूळ कागद टपालाने पाठवू नका आणि लॅमिनेट तर मुळीच करू नका. मोबाइलवर दिवसाच्या उजेडात काढलेला, चारही कोपरे दिसणारा फोटो आम्हाला पुरतो.