लग्नाचा कोट आणि पुढचे अकरा महिने

वैशाखातले लग्न, बाहेर पारा ४४-४५ वर आणि नवरदेवाच्या अंगात अस्तराचा, खांद्यात भर घातलेला कोट. तीन-चार तासांत तो आतून ओलाचिंब होतो. तरी त्या दिवशी त्याचे फारसे काही बिघडत नाही. आहेर मोजायच्या गडबडीत तो तसाच घडी होऊन लोखंडी पेटीत जातो, तिथे बिघाड सुरू होतो. तुळशीच्या लग्नानंतर बाहेर काढला की काखेत पांढरे डाग, कुबट वास आणि लोकरीचा असेल तर कॉलरखाली बारीक छिद्रे.

मूळ दुखणे पाण्याचे. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसा-नखांचेच प्रथिन. ती स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत बाष्प पोटात घेते आणि हाताला ओली लागत नाही. आपल्याकडचे बहुतेक कोट टेरीवूलचे, म्हणजे पॉलिएस्टर-लोकर मिश्रणाचे, नाहीतर पॉलिएस्टर-व्हिस्कोसचे. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ घेतच नाही, पण व्हिस्कोस, खांद्याची भर आणि सुती बकरम (कोटाला ताठपणा देणारे आतले कापड) भरपूर घेतात. वरून कोरडा वाटणारा कोट आतून दमट असतो तो यामुळे.

घरी आल्याबरोबर खिसे रिकामे करा. सुपारीची पुडी, चिल्लर, मोबाइल, सगळे. बटणे उघडी ठेवून कोट हँगरला लावा. तारेचा बारीक हँगर खांद्याला टोक आणतो, आणि खुंटीला कॉलर अडकवली तर मानेमागे कायमचा उंचवटा येतो. जाड लाकडी हँगर नसेल तर साध्या हँगरच्या दोन्ही टोकांना जुना दुपट्टा गुंडाळून चार-पाच सेंटिमीटर जाडी करा. मग पूर्ण एक दिवस सपरीत, सावलीत. कूलरच्या खोलीत मात्र नको. कूलर ओल्या ताट्यांतून हवा ओढतो, त्या दमट हवेत कोटातले पाणी उडायचे कसे? बाहेरची रखरखीत हवा इथे फुकटात मिळते, तिचा उपयोग करा.

घाम सुकला की मीठ मागे राहते. ड्रायक्लीनच्या द्रावकात तेल-तूप विरघळते, मीठ नीट विरघळत नाही. म्हणून धुलाईला टाकण्याआधी सुती फडके साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा, काखेतले अस्तर दोन-तीनदा टिपा आणि वाळू द्या. वाळल्यावर मऊ ब्रशने वरून खाली धूळ झाडा. काळ्या मातीचे कण धाग्यांत अडकून राहिले तर दर हालचालीला ते धागा कापतात.

हळदीच्या डागावर सगळ्यांचा पहिला हात साबणाकडे जातो आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक होतो. हळदीतले कर्क्युमिन अल्कलीत तांबडे होते, आणि साबण अल्कलीच. घाबरू नका, लिंबाचे थेंब पडले की तो पुन्हा पिवळा दिसतो. पण डाग गेलेला नसतो. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. पातळ सॅनिटायझर आधी आतल्या शिवणीवर लावून कोटाचा रंग सुटत नाही ना ते बघा. मग डागामागे पांढरे फडके धरून टिपत राहा, चोळू नका. उरलेला पिवळेपणा ऊन खाते, पण बाकीचा कोट चादरीने झाकून फक्त डागालाच तास-दोन तास ऊन द्या. नाहीतर हळद राहील आणि निळा रंग उडेल.

इस्त्रीचा मामला नाजूक. स्वस्त कोटाच्या छातीला बकरम शिवलेले नसते, गोंदाच्या ठिपक्यांनी चिकटवलेले असते. टेलर त्याला पेस्टिंग म्हणतात. बटणाजवळ बाहेरचे आणि आतले कापड चिमटीत धरून विरुद्ध दिशांना ओढा. मध्ये तिसरा मोकळा थर लागला तर बकरम शिवलेले, नाही लागला तर बहुधा चिकटवलेले. असा कोट बादलीत भिजवला किंवा वरठ्याच्या कोळशाच्या इस्त्रीखाली तापला की गोंद सुटतो, दोन थर कमी-जास्त आकसतात आणि छातीवर फोड येतात. ते परत बसत नाहीत. कोळशाच्या इस्त्रीला तापमान नेमायची सोय नाही, तेव्हा मध्ये ओलसर सुती कापड ठेवायला सांगा आणि इस्त्री घासू देऊ नका, दाबून उचलू द्या. थेट घासली तर धागे चपटे होऊन चकाकी येते. लोकरीच्या साध्या सुरकुत्यांना न्हाणीत गरम पाण्याच्या बादलीजवळ पंधरा मिनिटे टांगणे पुरते. पॉलिएस्टर एवढ्या वाफेला दाद देत नाही.

पावसाळ्यात धुलाईवाल्याची प्लास्टिकची पिशवी काढून टाका, ती दमट हवा कोंडते आणि बुरशी येते. जुन्या चादरीची खोळ घाला. उघाड पडली की दोन तास वाऱ्याला टांगा. कपाट मातीच्या भुईवर असेल तर पायांखाली विटा ठेवा.

लोकर खाते ती पतंगाची अळी, आणि घामा-तेलाचा भाग तिला जास्त आवडतो. डांबरगोळ्यांची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून त्या कापडात बांधून वरच्या बाजूला ठेवा, बटणांना चिकटू देऊ नका. सोबत कापूर टाकायची सवय सोडा. डांबरगोळी एकटी ८० अंशांना वितळते, पण कापराशी मिसळली की आपल्या उन्हाळ्यात सहज पातळ होते आणि कोटावर डाग पडतो. कडुलिंबाचा पाला घालायचा तर कडकडीत वाळलेला, ओला पाला स्वतःच ओल आणतो. आणि डांबरगोळ्यांतला कोट घालण्याआधी दिवसभर वाऱ्यावर ठेवा. तान्ह्या बाळाचे कपडे त्या पेटीत नकोतच. काही बाळांत जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, आणि या वाफेने त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.