मतपत्रिकेचा कायदा कोणी करायचा? दोन निवडणूक आयोग आणि एक जुनी गफलत

मतदान यंत्रांचा वाद पेटला की ‘राज्याने कायदा करून मतपत्रिका आणाव्यात’ ही मागणी पुढे येते, आणि भारत निवडणूक आयोग व राज्य निवडणूक आयोग या एकाच कार्यालयाच्या दोन खिडक्या असाव्यात, अशा थाटात त्यावर चर्चा रंगते. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो, हे सर्वांना ठाऊक आहे; राज्यात त्याचे काम मुख्य निवडणूक अधिकारी पाहतात. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्तीमुळे राज्य निवडणूक आयोगाकडे आल्या. हा आयोग दिल्लीच्या आयोगाच्या हाताखाली नाही. तरीही बातम्यांत नुसते ‘निवडणूक आयोगाने’ असे छापले जाते, हा निव्वळ आळस आहे.

खरी गफलत होते ती कायदा करण्याच्या अधिकाराबाबत. फेब्रुवारी २०२१मध्ये तत्कालीन विधानसभा अध्यक्ष नाना पटोले यांनी मतदारांना यंत्राबरोबरच मतपत्रिकेचाही पर्याय देणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार करण्यास सांगितले, तेव्हा विधानसभा आणि स्थानिक संस्था या दोन्हींच्या निवडणुका एकाच प्रस्तावात होत्या. आधार घेतला होता राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२८चा. हा अनुच्छेद विधानमंडळाला स्वतःच्या निवडणुकांविषयी कायदा करू देतो खरा, पण संसदेने त्या बाबतीत तरतूद केलेली नसेल तेवढ्यापुरताच. संसदेने तर ती केलेली आहे. केरळातील परूर मतदारसंघात १९८२ साली काही केंद्रांवर यंत्रे वापरली गेली, १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला कायद्याचा आधार नसल्याचे सांगून तेथे फेरमतदान घ्यायला लावले, आणि पुढे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१मध्ये कलम ६१अ घालून यंत्रे कोठे वापरायची हे ठरवण्याचा अधिकार भारत निवडणूक आयोगाला देण्यात आला. हे कलम जागेवर असेपर्यंत विधानसभेच्या मतदानासाठी राज्याने केलेला मतपत्रिकेचा कायदा, माझ्या मते, न्यायालयात टिकणार नाही. ती मागणी संसदेकडेच करायला हवी.

स्थानिक निवडणुकांचे चित्र नेमके उलटे आहे. तेथे निवडणुकीच्या सर्व बाबींवर कायदा करण्याचा अधिकार घटनेने विधानमंडळालाच दिला आहे, आणि महाराष्ट्राने तो वापरलाही आहे. थेट सरपंच निवड २०१७ साली आली, २०२० साली गेली आणि २०२२ साली परत आली. दोनपेक्षा अधिक अपत्यांमुळे महापालिकेची उमेदवारी जाऊ शकते, आमदारकीची नाही. शेजारच्या कर्नाटकात सप्टेंबर २०२५मध्ये मंत्रिमंडळाने मतपत्रिकेची शिफारस केली, तीही स्थानिक संस्थांपुरतीच. पटोले यांच्या प्रस्तावाचा हाच अर्धा भाग मुंबईत होऊ शकणारा होता आणि तो स्वतंत्रपणे मांडायला हवा होता.

व्हीव्हीपॅटबद्दलचा, म्हणजे आपले मत कोणाला गेले हे यंत्राशेजारी दाखवणाऱ्या कागदी चिठ्ठीबद्दलचा, आरडाओरडाही याच गोंधळातून होतो. २०१३ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय भारत निवडणूक आयोगाच्या निवडणुकांविषयी होता. त्यामुळे महापालिकेत ती चिठ्ठी दिसली नाही म्हणून लगेच न्यायालयाचा अवमान ठरत नाही. एका प्रभागात अनेक जागांसाठी मते द्यावी लागतात, ही अडचण राज्य आयोग पुढे करतो. मला ती पुरेशी वाटत नाही, स्थानिक मतदानातही चिठ्ठी असावी असेच माझे मत आहे. मात्र ती राज्याच्या कायद्यात मागावी लागेल.

मतदारयादीत मात्र दोन्ही आयोगांचे धागे एकत्र येतात. राज्य आयोग विधानसभेची यादी घेऊन तिचे प्रभागनिहाय विभाजन करतो, पण नवे नाव घालणे किंवा असलेले वगळणे त्याच्या हातात नाही. म्हणूनच २०२५ साली संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापून काम भागवावे लागले. आपले नाव यादीतच नसेल तर अर्ज क्रमांक ६ विधानसभा मतदारसंघाच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. नाव आहे पण भलत्याच प्रभागात गेले आहे, अशी तक्रार असेल तर प्रारूप यादीवर मुदतीत महापालिकेकडे हरकत नोंदवायची असते.